घेतली तशी परत द्या : लुइझियानाच्या तेलपट्ट्यांचा शंभर वर्षांचा तंटा

१/ अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील पहिली यशस्वी तेलविहीर भाताच्या खाचरात खणली गेली. २१ सप्टेंबर १९०१ रोजी जेनिंग्ज गावाजवळ, ज्यूल्स क्लेमां या शेतकऱ्याच्या जमिनीत, हेवूड बंधूंच्या विहिरीतून तेलाचा फवारा उसळला. काही तास तो कोणाला थोपवता आला नाही आणि खाली उभे असलेले भाताचे पीक तेलात बुडाले. राज्याच्या इतिहासात ही तारीख एका महान उद्योगाचा जन्मदिवस म्हणून नोंदली गेली आहे. त्या उद्योगाने केलेले पहिले शेतनुकसानही त्याच तारखेचे आहे, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

२/ या धाग्याचा विषय त्या दुसऱ्या नोंदीचा पुढचा इतिहास हा आहे. प्रतिपादन सरळ आहे. भाड्याने घेतलेली वस्तू घेतली तशी परत करावी, हा रोमन कायद्याइतका जुना नियम लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली एका बलाढ्य तेल कंपनीला लावून दाखवला. पुढील अठरा वर्षांत त्याच राज्याच्या विधिमंडळाने आणि त्याच न्यायालयाने तो बहुतांशी काढून घेतला. या माघारीचे वर्णन ‘लोभी जमीनमालकांना घातलेला आवर’ असे केले जाते. ते वर्णन कागदपत्रांच्या कसोटीवर टिकत नाही.

३/ मराठी वाचकाला येथे एक फरक आधी समजून घ्यावा लागतो. भारतात तेल काढण्याचा परवाना सरकार देते. शेतकऱ्याच्या वाट्याला फार तर वरच्या जमिनीची भरपाई येते. अमेरिकेत खासगी जमिनीखालचे तेल काढू देण्याचा हक्क सामान्यतः जमीनमालकाचा असतो. कंपनी त्याच्याशी भाडेपट्टा करते आणि निघालेल्या तेलाचा ठरावीक हिस्सा त्याला रॉयल्टी म्हणून देते. हा हिस्सा कैक दशके एक अष्टमांश असे. म्हणजे तेथे शेतकरी हा विस्थापित नसून करारातील एक पक्ष असतो. कागदावर तरी बरोबरीचा.

४/ हा कागद कसा असे, ते पाहण्यासारखे आहे. तेलप्रदेशात छापील नमुने सर्रास चालत. ‘प्रोड्युसर्स ८८’ या नावाचा नमुना तर इतका रूढ झाला की पुढे अनेक निरनिराळ्या मसुद्यांवर तेच नाव छापले जाऊ लागले. नमुना कंपनीचा दलाल घेऊन येई, मालक सही करी. त्यात मुदतीचे कलम मोठे खुबीचे असे : ठरलेली काही वर्षे, आणि त्यानंतर जोवर तेल किंवा वायू निघत राहील तोवर. या एका वाक्यामुळे आजोबांनी केलेला पट्टा नातवाच्या काळातही जिवंत राहिला. जमीन परत करताना ती कशी असावी, याविषयी मात्र बहुतेक नमुने मौन पाळीत.

५/ आता मिठाविषयी. तेल एकटे वर येत नाही. त्याच्याबरोबर खोल थरांतील खारे पाणी येते. ते पुष्कळदा समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पट खारट असते, आणि विहीर जुनी होत जाते तसे तेल घटून हे पाणी वाढत जाते. काही ठिकाणी त्यात रेडियमसारखी किरणोत्सर्गी द्रव्येही असतात. या पाण्याचे करायचे काय? पुन्हा खोल भूगर्भात दाबून सोडायचे, तर खर्च येतो. शेतातच मातीचा खड्डा खणून त्यात ओतायचे, तर जवळजवळ काहीच येत नाही. कित्येक दशके खड्डाच वापरला गेला. खड्ड्याला अस्तर नसे. पाणी झिरपे, मीठ मातीत आणि भूजलात उतरे.

६/ कंपन्यांच्या बाजूने सर्वांत अधिक वेळा मांडला जाणारा बचाव असा : त्या काळी हीच सर्वमान्य पद्धत होती, दुष्परिणाम कोणालाच ठाऊक नव्हते, आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद आकर्षक वाटतो, कारण काळाचा संदर्भ जपावा हेच त्याला शिकवलेले असते. म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

७/ जेनिंग्जची विहीर लागल्यावर दहा वर्षेही लोटली नव्हती, तोच १९१० मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदा केला : ज्या प्रवाहांचे पाणी भातशेतीला दिले जाते, त्यांत हंगामाच्या काळात तेल किंवा खारे पाणी सोडता येणार नाही. खाऱ्या पाण्याने भात मरतो, हे १९१० साली कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. शेजारच्या टेक्सासने १ जानेवारी १९६९ पासून खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यांवर राज्यभर बंदी घातली. लुइझियानाने उघड्या, अस्तरहीन खड्ड्यांची नोंदणी करून ते बुजवण्याचे नियम १९८६ मध्ये आणले. मधल्या सतरा वर्षांना अज्ञानाची वर्षे म्हणता येत नाही. सीमेपलीकडे त्याच धंद्यातील मंडळी दुसऱ्या पद्धतीने काम करीत होती आणि दिवाळखोरीत निघाली नव्हती.

८/ या पार्श्वभूमीवर कोर्बेलो खटला पाहावा. जागा जेनिंग्जच्या पश्चिमेस, कॅल्कशू पॅरिशमधील आयोवे गावाजवळची. (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. गावाचे नाव लिहितात आयोवा राज्यासारखेच, उच्चार मात्र स्थानिक.) येथील एका कुटुंबाच्या पूर्वजांनी १९२९ मध्ये शेल कंपनीला खनिजाचा पट्टा दिला होता. पुढे १९६१ मध्ये तेलाच्या टर्मिनलसाठी १२० एकरांचा एक वेगळा भूपृष्ठाचा पट्टा झाला, तीस वर्षांचा. या दुसऱ्या कागदात एक कलम होते, आणि सारा खटला त्या कलमावर उभा राहिला : मुदत संपल्यावर कंपनीने जागा शक्य तितकी मूळ स्थितीला आणून परत द्यावी.

९/ मे १९९१ मध्ये मुदत संपली. जागा मूळ स्थितीत आली नाही. इतकेच नव्हे, मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही आणि परवानगी नसताना खारे पाणी त्याच जमिनीत जिरवले, अशी मालकांची तक्रार होती. प्रश्न केवळ वरच्या मातीचाही नव्हता. या भागाखाली शिको नावाचा विस्तीर्ण जलधर आहे. लेक चार्ल्स शहर त्याचेच पाणी पिते. जमिनीतील दूषित पाणी त्या जलधराला धोका निर्माण करते, असा पुरावा ज्यूरीपुढे आला.

१०/ २००० साली ज्यूरीने निकाल दिला. जमीन पूर्ववत करण्यासाठी ३ कोटी ३० लाख डॉलर. खारे पाणी जिरवल्याबद्दल आणि मुदतीनंतरच्या ताब्याबद्दल आणखी वेगळ्या रकमा. शेलचे मुख्य उत्तर एका आकड्यात सामावलेले होते : या जमिनीची बाजारातील किंमत १ लाख ८ हजार डॉलर आहे. लाखाची जमीन आणि तिची सफाई तीन कोटींची, म्हणजे मूळ वस्तूच्या तीनशे पट! हा निकाल न्याय नव्हे, लॉटरी आहे, असे तेव्हापासून आजवर म्हटले जाते.

११/ २५ फेब्रुवारी २००३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर फेटाळले आणि ३ कोटी ३० लाखांची रक्कम कायम केली. तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. अपघाताने कोणाची वस्तू मोडली, तर भरपाईला वस्तूच्या किमतीची मर्यादा घालणे समजू शकते. येथे मात्र करार आहे, आणि लुइझियानाच्या दिवाणी संहितेत, जिचे मूळ फ्रेंच परंपरेत आहे, करार हा दोन्ही पक्षांपुरता कायदाच मानला जातो. जागा पूर्ववत करू, असे कंपनीने लिहून दिले. ‘जमीन स्वस्त असेल तरच करू’ असे लिहिले नाही. अशी मर्यादा मान्य केली तर तेल कंपन्यांना वाटेल तसे काम करण्याची मुभाच मिळेल, कारण पुढच्या पूर्ण खर्चाची जबाबदारी आपल्यावर येणार नाही याची त्यांना आधीच खात्री असेल, असे न्यायालयाने बजावले.

१२/ या तर्काची उलट बाजू अधिक बोलकी आहे. बाजारभावाची मर्यादा लावली असती, तर अर्थ असा झाला असता की जमीन जितकी स्वस्त, तितकी ती नासवणे परवडणारे. शहरातल्या भूखंडावर सांडलेले तेल पुसावे लागेल. भातखाचरातले, पाणथळीतले, गरीब पॅरिशमधले पडून राहील. शिवाय दूषित झाल्यामुळे जमिनीची किंमत घसरली, तर ती घसरणच दूषित करणाऱ्याच्या पथ्यावर पडेल. लॉटरीचा आरोप करणारे या हिशेबाबद्दल बोलत नाहीत.

१३/ तथापि निकालात एक खरी उणीव होती, आणि ती मान्य करायला हवी. मिळालेला पैसा मालकांनी जमिनीच्या सफाईवरच खर्च करावा, असे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. न्यायालयाने हे लपवले नाही. तसे बंधन घालणारा कायदाच अस्तित्वात नाही, असे ते म्हणाले. म्हणजे पैसा खिशात आणि मीठ भूजलात, हे शक्य होते. मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या रॉयल्टी घेतली होती, हेही खरे. खाल्ल्या मिठाला जागावे, असा टोमणा त्यांना मारला गेला. मीठ कोणी कोणाला खाऊ घातले, हा प्रश्न अर्थात राहतोच. आणि रॉयल्टी ही तेलाची किंमत होती. माती आणि पाणी त्या अष्टमांशात विकले गेले नव्हते.

१४/ लॉटरीवाल्यांचा आवडता दाखला हार्वी येथील आहे. मिसिसिपी नदीकाठच्या या गावात एका कुटुंबाची सुमारे ३३ एकर जमीन एका ठेकेदाराने भाड्याने घेतली होती. तेथे एक्सॉनच्या वापरलेल्या नळ्या घासून साफ केल्या जात. नळ्यांच्या आत बसलेल्या खपलीत रेडियम होते आणि ती धूळ त्याच जमिनीवर पडत राहिली. २००१ मध्ये ज्यूरीने १०० कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई सुनावली. हा आकडा जगभर गाजला. तो अपिलात ११ कोटी २० लाखांवर आला, हे फारसे गाजले नाही. आणि धोकादायक पदार्थांच्या हाताळणीबद्दल अशी दंडात्मक भरपाई देण्याची तरतूद लुइझियानाने १९९६ मध्येच रद्द केली होती, हे तर जवळजवळ कोणी सांगतच नाही. हा खटला जुन्या कृत्यांविषयीचा असल्याने जुना कायदा लागू झाला. पुढच्या कृत्यांसाठी तो दरवाजा निकालाच्या पाच वर्षे आधीच बंद झालेला होता. तरीही ‘शंभर कोटी’ हा शब्द दाखवूनच पुढचे कायदे मागितले गेले.

१५/ कोर्बेलोनंतर खटल्यांची रांग लागली. उद्योगाने त्यांना एक नाव दिले : ‘वारसा-दावे’. शब्दाची निवड चतुर होती. वारसा म्हणजे आपोआप मागून आलेली गोष्ट, जिला करणारा कोणी नाही. वस्तुतः प्रत्येक खड्ड्याला खणणारा होता, आणि बहुतेक वेळा पट्ट्यावर त्याची सहीही होती.

१६/ माघार न्यायालयातूनच सुरू झाली. जानेवारी २००५ मध्ये टेरेबोन पॅरिशच्या शाळा मंडळाचा दावा निकालात निघाला. मंडळाच्या पाणथळ जमिनीत कंपन्यांनी विहिरींपर्यंत जाण्यासाठी कालवे खोदले होते. असे कालवे रुंदावत जातात, खारे पाणी आत येते, पाणथळ जमीन समुद्रात जाते. मंडळाचे मागणे कालवे बुजवण्याचे होते. न्यायालयाने म्हटले, पट्ट्यात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. आणि कंपनीने आपल्या हक्काचा अवाजवी वापर केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय असे कर्तव्य गृहीत धरता येणार नाही. चौथ्या भागातील मौन येथे आठवावे. नमुना कंपनीचा, मौनही कंपनीचे, आणि त्या मौनाचा लाभही कंपनीलाच.

१७/ २००६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याची अर्धी बाजू निर्विवाद चांगली होती. सफाईची रक्कम मालकाच्या हाती न देता न्यायालयाकडे जमा करायची, आणि ती सफाईवरच खर्चायची. कोर्बेलोतील उणीव यातून भरून निघाली. येथेच थांबले असते, तर हा धागा लिहिण्याचे कारण उरले नसते. पण त्याच कायद्याने सफाई किती करायची, हे ठरवण्याच्या प्रक्रियेत राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘सर्वांत व्यवहार्य योजना’ विभागाने सुचवायची. करारात ‘मूळ स्थिती’ असे लिहिलेले असू शकते. विभागाचे माप मात्र सार्वजनिक आरोग्याला पुरेसे ठरेल एवढेच. ज्या यंत्रणेच्या देखरेखीखाली ते खड्डे इतकी वर्षे उघडे राहिले, तिनेच आता स्वच्छता म्हणजे काय हे सांगायचे होते.

१८/ पुढचा आघात मुदतीच्या मार्गाने आला, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक निकाल तोच म्हणावा लागेल. मारिन खटला, २०१०. जमीन उसाची. खड्ड्यांच्या आसपास ऊस नीट वाढत नव्हता. कंपनीने खड्डे बुजवले, काम नियमानुसार पूर्ण झाले असे सांगितले. मालकांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे तपासणीत प्रदूषण आत तसेच असल्याचे निघाले, आणि खालच्या न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला.

१९/ सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. चुकीच्या कृत्याबद्दलच्या भरपाईची मुदत लुइझियानात तेव्हा अवघी एक वर्ष होती. ऊस वाढत नाही, हे मालकांना दाव्याच्या कित्येक वर्षे आधीपासून ठाऊक होते. म्हणजे नुकसानीची जाणीव तेव्हाच झाली होती. म्हणजे मुदत तेव्हापासूनच धावू लागली होती. प्रदूषण मातीत अजून आहे, म्हणून कृत्य अजून चालू आहे, असेही म्हणता येणार नाही. खड्डा बंद झाला, तेथे कृत्य संपले.

२०/ शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? ऊस खुरटला की पहिल्याच वर्षी कंपनीवर खटला भरा. त्याच कंपनीचा पट्टा चालू आहे, तिचीच रॉयल्टी घरात येते आहे, तिचेच अधिकारी ‘सफाई झाली’ असे सांगत आहेत, तरीही भरा. शब्दावर विश्वास ठेवला, तर तो विश्वासच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. कायद्याच्या दृष्टीने तर्क सुसंगत असेलही. पण जी कंपनी सहा दशकांच्या पट्ट्यावर निश्चिंत बसू शकते, तिच्यासमोर शेतकऱ्याला बारा महिने देणे याला समतोल म्हणत नाहीत.

२१/ २०११ मध्ये आणखी एक दार लागले. लाफायेत येथील एक जागा १९८८ मध्ये एका व्यवसायाने विकत घेतली. पूर्वी तेथे तेलविहिरींच्या जुन्या नळ्या साठवल्या आणि साफ केल्या जात. मातीत किरणोत्सर्गी खपली असल्याचे खरेदीनंतर पुष्कळ वर्षांनी कळले. ‘ईगल पाइप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की नुकसान झाले तेव्हा जो मालक होता, त्याचाच तो वैयक्तिक हक्क. विक्रीखतात तो हक्क स्पष्टपणे सुपूर्द केलेला नसेल, तर नव्या मालकाला दावा लावता येत नाही. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत. ज्याला नुकसान दिसले तो उशीर केला म्हणून बाद. ज्याला दिसले नाही तो तेव्हा मालक नव्हता म्हणून बाद.

२२/ शेवटचा टप्पा पुन्हा शाळेच्या जमिनीवरच घडला. अमेरिकेतील जुन्या मोजणीत प्रत्येक वसाहत-क्षेत्राचे ३६ चौरस भाग पाडत आणि सोळावा भाग शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवत. १७८५ च्या अध्यादेशापासूनची ही रीत. व्हर्मिलियन पॅरिशच्या शाळा मंडळाकडे असा एक सोळावा भाग होता, त्यात तेल निघाले आणि पुढे प्रदूषणही. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने म्हटले की २००६ चा कायदा भरपाईला विभागीय योजनेच्या खर्चाची मर्यादा घालत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. आणि जून २०२१ मध्ये, त्याच खटल्यात, त्याच न्यायालयाने आपला आधीचा अर्थ चुकीचा होता असे सांगून तो मागे घेतला. करारात तसे स्पष्ट कलम असेल, तरच योजनेपलीकडची सफाई मागता येईल.

२३/ स्पष्ट कलम! कोर्बेलो कुटुंबाच्या १९६१ च्या कागदात ते होते. पण सांभाळून वापरण्याचे, घेतल्यासारखी परत देण्याचे भाडेकरूचे कर्तव्य करारात लिहावे लागते, असे दिवाणी संहिता मुळात म्हणतच नाही. दुकान, घर, बैल, नांगर, काहीही भाड्याने घेतले, तरी वापरातील साहजिक झीज वगळून ते होते तसे परत द्यावे, हे न लिहिताही लागू असते. लुइझियानात आज भाड्याच्या घराची भिंत फोडणाऱ्याला कलम दाखवावे लागत नाही. भूजल खारवणाऱ्यासाठी मात्र ते हुडकावे लागते.

२४/ उद्योगाच्या समर्थकांचे अखेरचे म्हणणे असे की खटल्यांच्या भीतीने कंपन्या राज्य सोडून जात होत्या, म्हणून हा आवर आवश्यक होता. विहीर खणायची की नाही, हे तेलाचा भाव, साठ्याचे वय, समुद्रातील आणि शेल खडकातील नव्या संधी अशा पुष्कळ गोष्टींवर ठरते. लुइझियानाच्या जमिनीवरील क्षेत्रे तर जुनी आणि उतरणीला लागलेली होती. पण वादापुरते ते खरे मानले, तरी त्याचा अर्थ इतकाच निघतो की आपला कचरा उचलण्याचा खर्च धरला तर तो धंदा परवडत नव्हता. मग तो खर्च आजवर कोणी उचलला, याचे उत्तर आयोवेच्या विहिरींच्या पाण्यात आणि उसाच्या त्या खुरटलेल्या पट्ट्यात शोधावे लागते.

२५/ आज लुइझियानात नवा पट्टा करणारा सावध मालक वकील नेमतो आणि ‘मूळ स्थिती’ हे शब्द, चाचण्यांच्या आकड्यांसह, मसुद्यात घालून घेतो. १९२९ साली किंवा १९३५ साली छापील नमुन्यावर सही करणारे हयात नाहीत. त्यांच्या पट्ट्यांतले काही, तेल निघत असल्यामुळे, अद्याप चालू आहेत.